निरमा ३ रुपये किलो होता, मग सर्फने भाव का नाही पाडला?

नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला फुकटात मिळतो. शेजारच्यापेक्षा दोन रुपये कमी लाव, गिऱ्हाईक आपोआप येईल. इन्स्टाग्रामवर साड्या विकणारी ताई असो नाहीतर नाक्यावर चहाचं दुकान टाकणारा पोरगा, पहिल्या महिन्यात हाच प्रयोग होतो. गिऱ्हाईक येतंसुद्धा. मग शेजारचा तीन रुपये कमी करतो आणि पुढच्या महिन्यात दोघंही कपाळाला हात लावून बसतात.

भारतात भाव पाडून बाजार मारल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे निरमा. सायकलवरून पावडर विकणाऱ्या माणसाने हिंदुस्तान लिव्हरसारख्या कंपनीला घाम फोडला, ही स्टोरी एव्हाना प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये येऊन गेली आहे. पण त्या रीलमध्ये एक प्रश्न कधीच नसतो.

निरमा ३ रुपयाला मिळत होता, तर लिव्हरने सर्फसुद्धा ३ रुपयाला का नाही विकला? वर्षभर तोटा सोसायचा आणि समोरच्याला संपवून टाकायचं. कंपनीकडे पैसा होता, कारखाने होते, देशभर दुकानदार होते. एका सायकलवाल्याला चिरडणं एवढं काय अवघड होतं?

हे कोडं सुटलं की 'कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज' हा एमबीएवाल्यांचा लाडका शब्द एकदम सोपा होऊन जातो.

तर झालं असं की...

हिंदुस्तान लिव्हरने भारतात सर्फ आणला १९५९ साली. तोवर आपल्याकडे कपडे धुणं म्हणजे साबणाची वडी, धोका आणि दगड. बादलीत पावडर टाकून कपडे भिजवायचे ही गोष्ट नवीन होती आणि महागही होती. सर्फचं गिऱ्हाईक होतं शहरातलं, महिन्याचा पगार घेणारं मध्यमवर्गीय घर. बाकीचा देश वडीवरच होता.

१९६९ मध्ये अहमदाबादमध्ये करसनभाई पटेल नावाचे एक गृहस्थ गुजरात सरकारच्या खाण आणि भूगर्भ खात्यात नोकरीला होते. शिक्षण रसायनशास्त्राचं. नोकरी सांभाळून घरामागच्या छोट्याशा जागेत त्यांनी कपडे धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून पावडरचं नाव ठेवलं निरमा. पिशव्या भरायच्या, सायकलला अडकवायच्या आणि ऑफिसला जाता-येता घरोघरी विकायच्या.

भाव होता किलोला साधारण ३ रुपये. त्यावेळी सर्फ १३ रुपयांच्या आसपास होता.

काही वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा खपाच्या बाबतीत सर्फच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहिती असते. गंमत यानंतर आहे.

स्वस्त विकला नाही, स्वस्तात बनवला

करसनभाईंनी नफा कमी ठेवला म्हणून निरमा स्वस्त होता असा समज आहे. नुसता नफा कमी करून १३ चे ३ होत नाहीत. ३ रुपयाला विकूनही त्यांना पैसे सुटत होते, कारण ती पावडर बनायचीच वेगळ्या पद्धतीने.

सर्फ बनवायला मोठा उंच टॉवर लागायचा. आधी सगळ्या घटकांचं घट्ट मिश्रण तयार करायचं, मग ते टॉवरच्या वरून फवारायचं आणि गरम हवेने वाळवायचं. त्यातून हलके, पोकळ, पाण्यात पटकन विरघळणारे दाणे तयार होतात. दिसायला सुंदर, पण यासाठी मशिनरी लागते, इंधन लागतं, वीज लागते, इंजिनिअर लागतात.

निरमाला यातलं काहीच नको होतं. घटक जमिनीवर ओतायचे, फावड्याने कालवायचे, चाळायचे, पिशवीत भरायचे. बास.

घटकसुद्धा वेगळे. निरमात सोडा ॲशचं प्रमाण भरपूर. हा स्वस्त असतो आणि मळ काढतो. महाग रसायनं कमी, फॉस्फेट नाही. याचा तोटाही होता आणि तो ज्यांनी निरमाने कपडे धुतले त्यांच्या हातांना चांगला माहिती आहे. सोडा जास्त म्हणजे हाताची आग. पण कळकट कपडे निघत होते आणि परवडत होते, त्यामुळे लोकांनी ते चालवून घेतलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते. त्या काळी सरकारचं धोरण छोट्या उद्योगांच्या बाजूचं होतं. वीज न वापरता हाताने बनवलेल्या मालाला अबकारी करात सवलत मिळायची. लिव्हरच्या टॉवरमधून निघालेल्या प्रत्येक पाकिटावर कर, फावड्याने कालवलेल्या निरमावर सूट. त्यात लिव्हरकडे कायम कामगार, युनियन, पगारवाढीचे करार. निरमाकडे मुख्यतः कंत्राटी मजूर. म्हणजे निरमाच्या स्वस्ताईतला काही वाटा हुशारीचा होता, काही सरकारी नियमांचा आणि काही तो सोडा कालवणाऱ्या माणसाच्या कमी मजुरीचा. रील बनवणाऱ्यांना हा तिसरा वाटा दिसत नाही.

आता लिव्हरच्या मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्या मॅनेजरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समजा सर्फच्या १ किलोला बनवण्यापासून दुकानात पोचवण्यापर्यंत ११ रुपये लागतात. तो ३ ला विकला तर किलोमागे ८ रुपये खिशातून जाणार. बरं, हे नुकसान फक्त नवीन गिऱ्हाइकावर होणार नाही. जे लोक आधीपासून आनंदाने १३ रुपये मोजतायत, त्यांनाही तोच माल ३ ला द्यावा लागेल. म्हणजे जे गिऱ्हाईक आपलं कधी नव्हतंच, त्याच्यासाठी जे आहे त्याच्यावरचा नफा पाण्यात घालायचा.

त्यातून निरमा सुरुवातीला सर्फचं गिऱ्हाईक पळवतच नव्हता. तो वडी वापरणाऱ्या घरांत शिरत होता. लिव्हरच्या हिशोबात ही घरं 'आपला बाजार' नव्हतीच. त्यामुळे आपल्या खिडकीखालून कोण चाललंय याकडे कंपनीने बरीच वर्षं लक्षच दिलं नाही.

थोडक्यात, सर्फला भाव पाडायचा नव्हता असं नाही. सर्फ हा सर्फ राहून तो भाव पाडूच शकत नव्हता. समोरच्याला दिसतं, कळतं, पण करता येत नाही, अशी जी गोष्ट आपल्याकडे असते तिलाच कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज म्हणतात. ३ रुपये हा फक्त पाकिटावरचा आकडा होता. ॲडव्हान्टेज त्या फावड्यात होता.

आणि ती जाहिरात

स्वस्त माल बनवणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत आणि निरमाचं आठवतं, याचं कारण अर्थातच जाहिरात. गोल गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी आणि ती ट्यून. आधी रेडिओवर, मग १९८२ पासून दूरदर्शनवर. १९८२ म्हणजे एशियाडचं वर्ष, देशात रंगीत टीव्ही आला तो काळ. एकच चॅनल. त्यावर वाजलेली ट्यून पाठ झाली नाही असं घर सापडणं मुश्कील.

या काळातला एक किस्सा मार्केटिंगच्या वर्गात हमखास सांगितला जातो. दुकानदार माल उधारीवर घ्यायचे आणि पैसे द्यायला टाळाटाळ करायचे. करसनभाईंनी उधारी वसूल करायला सांगितली आणि बाजारातला मालच परत उचलला. त्याच वेळी टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावला. बायका दुकानात जाऊन निरमा मागायला लागल्या आणि दुकानात निरमा नाही. दुकानदार स्वतः कंपनीकडे पळत आले, यावेळी पैसे हातात घेऊन. किस्सा सांगता सांगता थोडा रंगवला गेला असेल, पण त्यातला मुद्दा पक्का आहे. नावाला मागणी तयार झाली की दुकानदाराच्या मागे फिरावं लागत नाही.

इथेही काटकसर बघा. साबणाला वेगळं नाव, वडीला वेगळं नाव असं त्यांनी केलं नाही. सगळ्यावर निरमा. वर्षानुवर्षं तीच ट्यून. एका जाहिरातीचा खर्च सगळ्या मालात वाटला जायचा. लिव्हरकडे एकेका ब्रँडसाठी वेगळी टीम, वेगळी एजन्सी, वेगळं बजेट.

मग आल्या ललिताजी

लिव्हरने पहिलं उत्तर दिलं ते भावाने नाही, डोक्याने. जाहिरात एजन्सी लिंटास आणि ॲडगुरू अलेक पदमसी यांनी ललिताजी उभ्या केल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघत बोलणं. ही भूमिका करणाऱ्या कविता चौधरी पुढे 'उडान' मालिकेमुळे घराघरात पोचल्या. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

ही व्यक्तिरेखा आपल्या आईवरून सुचल्याचं पदमसींनी सांगितलं होतं. भाजी घेताना घासाघीस करणारी आई दुसरीकडे महागडी वस्तू विचार न करता घ्यायची. पदमसींना त्यातून एक गोष्ट सापडली. कंजूष असणं वेगळं आणि पैशाचा मोबदला बघणं वेगळं. ललिताजींनी टीव्हीवरून तेच पटवलं: स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीचं काम करतो, मग महाग कोण?

जाहिरात म्हणून ही आजही अव्वल आहे. तिने सर्फचं आहे ते गिऱ्हाईक धरून ठेवलं, महाग पावडर घेणाऱ्या गृहिणीला अपराधी वाटू दिलं नाही. पण जिच्याकडे महिनाअखेरीला तेरा रुपयेच नाहीत, तिच्यासमोर हा हिशोब कितीही नीट मांडला तरी काय उपयोग? ती निरमाच घेणार होती. ललिताजींनी सर्फ वाचवला, निरमा थांबवला नाही.

शेवटी लिव्हरनेही फावडं उचललं

८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरमध्ये एक मोहीम ठरली. नाव स्टिंग. पूर्ण रूप, स्ट्रॅटेजी टू इनहिबिट निरमा ग्रोथ, म्हणजे निरमाची वाढ रोखायची योजना. इतकं थेट नाव ठेवलं यावरून कंपनीला किती झोंबलं होतं ते कळतं.

या मोहिमेतून बाजारात आली व्हील. लिव्हरने सर्फला हात लावला नाही. सर्फचा भाव, सर्फचं गिऱ्हाईक जिथल्या तिथे ठेवून शेजारी एक वेगळाच धंदा उभा केला, तोही जवळजवळ निरमाच्या पद्धतीने. उत्पादन एका मोठ्या कारखान्यात न ठेवता ठिकठिकाणी विखुरलं, मजुरी स्वस्त तिथे नेलं. फॉर्म्युला नव्याने बसवला, खर्चाची घडीच बदलली. छोट्या गावातल्या छोट्या दुकानापर्यंत माल जाईल अशी वेगळी साखळी लावली. आणि निरमाचं दुखणं नेमकं पकडलं, ते म्हणजे हाताची आग. व्हीलने हातांना न झोंबणारी पावडर म्हणून स्वतःला पुढे केलं.

पुढे व्हीलने निरमाला मागे टाकलं.

या लढाईचे काही आकडे सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट यांच्या २००२ च्या गाजलेल्या लेखात आहेत. १९९९ मध्ये लिव्हरच्या महागड्या पावडरींचा ढोबळ नफा विक्रीच्या २५ टक्के होता, तर निरमा आणि व्हीलचा १८ टक्के. वाटेल महाग मालच बरा. पण धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला किती कमाई झाली हे बघितलं तर चित्र उलटं होतं. महागड्या पावडरी २२ टक्के, व्हील ९३ टक्के आणि निरमा १२१ टक्के.

हे कसं काय? वडापावची गाडी आणि झगमगीत रेस्टॉरंट डोळ्यांसमोर आणा. गाडीवर एका वडापावमागे थोडेच पैसे सुटतात. पण गाडीत अडकलेलं भांडवल किरकोळ, आणि सकाळी घातलेला पैसा संध्याकाळी परत हातात. रेस्टॉरंटवाल्याला एका प्लेटमागे जास्त सुटतात, पण फर्निचर, एसी, डिपॉझिट यांत त्याचे लाखो रुपये बसून असतात. गरिबाला विकण्यात पैसा नाही, असं ज्या कंपनीला वीस-पंचवीस वर्षं वाटत होतं तिच्यासाठी हे आकडे डोळे उघडणारे होते.

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८० आणि १९८५ मध्ये लिहिलेल्या दोन पुस्तकांत धंद्यात टिकायच्या वाटा सांगितल्यात. एक तर सगळ्यांपेक्षा कमी खर्चात बनवा, नाहीतर असं काही वेगळं द्या की लोक जास्त पैसे मोजतील. दोन्हींपैकी काहीही एका छोट्या, नेमक्या गिऱ्हाइकापुरतं केलं तरी चालतं. पण धड ना स्वस्त, धड ना वेगळा, असा जो मध्येच अडकतो त्याचं अवघड होतं. सर्फ दुसऱ्या वाटेवर राहिला, व्हील पहिल्या वाटेवर धाडली. एकाच ब्रँडने दोन्ही करायचा मोह लिव्हरने टाळला, आणि मार्केटिंगच्या दृष्टीने पूर्ण गोष्टीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

किमतीचं युद्ध बघायचंय?

ज्यांची बनवायची पद्धत सारखीच असते ते फक्त भावावर भांडले की काय होतं, ते २००४ मध्ये दिसलं. मार्चमध्ये पी अँड जीने एरियल आणि टाइडचे भाव मोठ्या प्रमाणात कमी केले. लिव्हरने लगेच सर्फ एक्सेलचे भाव खाली आणले. दोघांकडेही तेच टॉवर, तशाच टीम, तशाच एजन्सी. त्यामुळे एकाला जमलं ते दुसऱ्यालाही ताबडतोब जमलं. गिऱ्हाईक खूश झालं, आणि लिव्हरच्या नफ्याला त्या वर्षी चांगलाच फटका बसला.

त्यानंतर सर्फ एक्सेलने भाव सोडून दुसरी गोष्ट पकडली. मुलांचे कपडे मळणं वाईट नाही, खेळता खेळता आणि दुसऱ्यासाठी काही चांगलं करताना पडलेला डाग चांगलाच, असं सांगणाऱ्या जाहिराती. चिखलात पडलेल्या बहिणीसाठी चिखलाला बडवणारा तो छोटा भाऊ अनेकांना आठवत असेल. २०२२ मध्ये सर्फ एक्सेलची वर्षाची विक्री १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

आणि निरमाचं काय झालं?

खाली स्वस्तातल्या गर्दीत निरमाची गत मात्र विचित्र झाली. व्हीलने पद्धत उचललीच होती. मग कानपूरहून घडी आली. आधी वापरा मग विश्वास ठेवा, असं सांगत उत्तर प्रदेशातून एकेक राज्य करत पसरली, आणि २०१० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिने व्हीललाही मागे टाकलं. निरमाने लिव्हरला जे केलं, तेच कानपूरच्या कंपनीने दोघांना केलं. खर्च कमी ठेवायची रीत एकदा सगळ्यांना कळली की ती कुणा एकाची राहत नाही. तोवर करात सूट मिळवून देणारा तो हाताने कालवायचा काळही मागे पडला होता. निरमाचा ॲडव्हान्टेज कुणी एका फटक्यात हिसकावला नाही. तो हळूहळू झिजत गेला.

करसनभाईंना हे दिसत नव्हतं असं मात्र नाही. पावडरमधला नफा कमी होणार हे ओळखून कंपनी उलट्या दिशेने चालत गेली, दुकानाकडून खाणीकडे. पावडर बनवायला जे लागतं तेच बनवायचं. भावनगरजवळ सोडा ॲशचा प्रचंड कारखाना टाकला. डिटर्जंटला लागणारी रसायनंही स्वतः बनवायला घेतली. २००७ मध्ये थेट अमेरिकेत कॅलिफोर्नियातली सर्ल्स व्हॅली मिनरल्स ही सोडा ॲश काढणारी कंपनी विकत घेतली. २०१६ मध्ये लाफार्जचा भारतातला सिमेंटचा धंदा साधारण १.४ अब्ज डॉलरला घेतला, तोच आजचा नुवोको. अलीकडे ग्लेनमार्क लाइफ सायन्सेस या औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीतला ७५ टक्के हिस्साही निरमाकडे आला.

म्हणजे आज किराणा दुकानाच्या फळीवर निरमाचं पाकीट शोधावं लागतं, पण निरमा ग्रुप पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि भावनगरचा सोडा ॲश फक्त निरमाच्या पावडरीत जात नाही. तो काच कारखान्यांना विकला जातो, आणि डिटर्जंट बनवणाऱ्या इतरांनाही.